खिडकीतलं ऊन आणि बाईंचं कार्बोलीन

"दिसलं ते सांगा, वाटलं ते घरी ठेवा."

बाईंचं हे वाक्य त्या चार मजली इमारतीत इतकं मुरलं होतं, की जिने झाडणारी मावशीसुद्धा एखाद्या साहेबाला अडवून विचारायची, "साहेब, चहा सांडला असं वाटतंय, का दिसतंय?" नव्यानं आलेला एखादा विद्यार्थी हातात परीक्षानळी धरून उत्साहानं म्हणायचा, "बाई, मला वाटतं झालं शुद्ध." बाई चष्म्यावरून बघायच्या आणि तेच वाक्य त्याच्या ओंजळीत टाकायच्या. ना रागानं, ना हसून. पेरणाऱ्यानं मुठीतलं बी सोडावं, तसं.

घरी ठेवा म्हणत, पण घरीही सुटका नव्हतीच. त्यांचा नवरा एकदा म्हणाला, "मला वाटतं चहात साखर कमी आहे."

"वाटतंय, का आहे?"

"आहे."

"मग घ्या की. डबा तुमच्याच हाताशी आहे."

नवरा त्याच इमारतीत तळमजल्यावर काच फुंकायचा. रसायनशाळेला लागणारी वाकडी नळी, दुहेरी भांडं, लांब नळकांडं, जे दुकानात मिळत नाही ते सगळं त्याच्या ज्योतीतून निघायचं. त्याला सगळे काचवाला म्हणत. बाईंची आणि त्याची ओळख झाली ती एका नळीपायी. बाई तेव्हा नव्या होत्या. एकच वाफ थंड करायची नळी त्यांनी तीनदा मोडून आणली. काचवाल्याच्या मनात आलं, ही पोरगी मुद्दाम मोडते की काय. मान जरा ताठ करून तो वर बघायला गेला, तर तिचा लोखंडी स्टँडच वाकडा होता. स्टँड सरळ केला आणि नळ्या मोडायच्या थांबल्या. पण तोवर दोघांनाही एकमेकांना बघायची सवय लागली होती. "माझं लग्न एका वाकड्या स्टँडनं जमवलं," असं तो पुढं जन्मभर सांगत राहिला. बाई म्हणत, "स्टँड सरळ केला नसता तर सुटले असते."

आता बाईंचं काम काय होतं, ते सांगायला हवं. कारण त्यावाचून बाई कळायच्या नाहीत.

कार्बोलीन नावाचं एक घराणं आहे. एकमेकींना काठाकाठानं चिकटलेल्या अणूंच्या तीन कड्या म्हणजे कार्बोलीन. तिसऱ्या कडीत नायट्रोजनचा एक अणू बसलेला असतो, आणि तो कुठल्या कोपऱ्यात बसलाय त्यावरून घराण्याच्या चार शाखा होतात. त्यांतली बीटा ही शाखा मोठी गजबजलेली. कित्येक झाडांच्या मुळांत, बियांत तिची माणसं सापडतात. कोणी झोप उडवतं, कोणी मन भारावून टाकतं, कोणी अंगाला कापरं भरवतं. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यातल्या नावाजलेल्यांच्या दारात रांगा लावल्या. पण मोठ्या घरात एखादी पोर कोपऱ्यात बसून राहते, जेवायला वाढताना जिची आठवण सगळ्यांत शेवटी होते, तसं एक कार्बोलीन बाईंना दिसलं. त्याला जोडलेली अणूंची शेपटी भलत्याच कोपऱ्याला लागलेली होती. कुणीतरी कधीतरी ते बनवून, त्याचा वितळबिंदू लिहून, पुढची वाट धरली होती.

"हेच का?" काचवाल्यानं एकदा विचारलं होतं.

"त्याला कोणी विचारत नाही म्हणून."

हे कारण त्याला पटलं. तोही मोडीतल्या काचेतून भांडी करणारा माणूस होता.

बाईंच्या कार्बोलीनची खोड त्याच्या तिसऱ्या कडीत होती. बाकीच्या दोन कड्या चपट्या, ताटासारख्या. तिसरीवर मात्र चार हायड्रोजन जास्तीचे, त्यामुळे ती कडी ताठ न राहता वाकायची. हे समजावं म्हणून काचवाल्यानं बारीक काचकांड्यांची एक प्रतिकृती ज्योतीवर जोडली. दोन कड्या सपाट, तिसरी खुर्चीच्या पाठीसारखी वाकलेली. बाईंनी ती उजेडात फिरवून बघितली. "शेपटीचा कोन चुकलाय," त्या म्हणाल्या, आणि टेबलावर सगळ्यांत पुढं ठेवली.

पहिली काही वर्षं तो पदार्थ नुसता बनवण्यातच गेली. कधी तेलकट व्हायचा, कधी काळपट. शेवटी एकदा गरम दारूअर्कात विरघळवून सावकाश निवू दिल्यावर तळाशी पांढऱ्याशुभ्र, केसासारख्या सुया उतरल्या. बाईंनी त्या दिवशी घरी येऊन सुयांचं इतकं वर्णन केलं, की काचवाल्याची बहीण, जी पाहुणी म्हणून आली होती, ती म्हणाली, "वहिनी, एवढी वर्षं एका पुडीच्या मागं? लोक एवढ्यात तीन घरं बांधतात."

"बांधू देत की, वन्सं. त्यांना राहायला लागतात."

"आणि तुमच्या सुया कशाला लागतात?"

"ते मामांना विचारायचंय."

मामा म्हणजे वरच्या मजल्यावरचे औषधशास्त्राचे डॉक्टर. उंदरांवर औषधं तपासून बघणं हे त्यांचं काम. पिंजऱ्यातून उंदीर उचलताना ते हलकेच म्हणत, "ये रे भाच्या," म्हणून सगळ्या इमारतीचे ते मामा झाले. हात असा मऊ, की उंदीर त्यांच्या तळव्यावर तोंड पुसत बसायचा.

मामांची रीत अशी होती. एका ठरलेल्या औषधानं उंदराला थोडा वेळ कापरं भरवायचं. मग त्याला एका हलक्या फळीवर सोडायचं. फळी हलली, की तिला जोडलेलं टोकदार पेन फिरत्या कागदावर रेघ काढायचं. जेवढी थरथर, तेवढी रेघ दातेरी. कापरं भरवायच्या आधी बाईंचं कार्बोलीन टोचून बघितलं, तर रेघ शांत झाली. नांगरलेल्या रानातून निघून पाणी डबक्यात येऊन थांबावं, तशी.

मामांनी तो कागद स्वतः खाली आणला. "बाई, तुमच्या पोरीनं माझ्या भाच्यांना निजवलं नाही हं. जागेच आहेत, खातायत, फिरतायत. फक्त कापत नाहीत."

त्यावर लेख निघाला. त्यात बाईंनी लिहिलं, की ही थरथर शमते ती वाकणाऱ्या तिसऱ्या कडीमुळं. त्यांनी त्या पदार्थाचं चपटं भावंडही बनवलं होतं, चार हायड्रोजन काढून टाकलेलं. पण ते तेवढ्याच मापात पाण्यात विरघळेना. तळाशी वाळूसारखं बसायचं. मग त्याला बाजूला ठेवलं. लेख वाचला गेला, दूरदूरच्या लोकांनी त्याचा दाखला दिला. विभागाच्या व्हरांड्यात मानाच्या पाटीवर एक ओळ चढली. आणि तीन घरांचा हिशेब सांगणारी नणंद आता दिसेल त्याला सांगू लागली, "थरथर थांबवणारं औषध आमच्या वहिनीनं काढलंय."

"औषध नाही हो, वन्सं. अजून उंदरांपुरतंच आहे."

"आज उंदीर, उद्या माणूस. तुम्ही गप्प बसा, मला सांगू दे."

काचवाला गप्प बसून ऐकायचा. आतून मात्र त्याचा ऊर भट्टीतल्या काचेसारखा फुगायचा.

वर्षं गेली. मामा निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी एक नवी डॉक्टरीण आली. उंच, किरकोळ, बोलणं थोडं, आणि हातातलं काम सुटत नाही अशी. तिनं आल्या आल्या एक चांगली गोष्ट केली. विभागाचं सगळ्यांत नावाजलेलं काम आधी स्वतःच्या हातानं करून बघायचं ठरवलं. बाईंकडून ताज्या सुया नेल्या. पुष्कळ दिवस वर दार बंद होतं. मग एका दुपारी ती कागदांची गुंडाळी घेऊन खाली आली.

काचवाला तेव्हा बाईंच्या खोलीत एका काचेच्या नळाचं तोंड घासून बसवत होता. त्यानं बघितलं, पोरीचे ओठ सुकले होते.

"बाई, रागावू नका."

"का? काय मोडलं?"

"काही नाही मोडलं." तिनं कागद उलगडले. रेघ सगळीकडे करवतीसारखी. "तुमचं कार्बोलीन दिलं तरी कापतात, नाही दिलं तरी कापतात. तीनदा केलं. चौथ्यांदा उंदरांची जात बदलून केलं."

बाईंनी एकेक कागद खिडकीशी नेऊन पाहिला. "हे तू अजून कुणाला दाखवलंस?"

"नाही. आधी तुम्हाला."

"माप?"

"मामांनी लिहिलंय तेच. ताजं बनवायचं, मीठपाण्यात विरघळवायचं, कोमट करून टोचायचं."

"पदार्थ खराब नव्हता ना?"

"तुम्हीच दिलेला, बाई."

खोलीत नुसता नळ घासल्याचा आवाज राहिला, म्हणून काचवाल्यानं हात थांबवला. बाईंनी कागद नीट गुंडाळून परत तिच्या हातात दिले. "बरं केलंस," त्या म्हणाल्या. आवाज जराही हलला नव्हता. हलला होता तो त्यांचा अंगठा, जो त्या तर्जनीवर घासत होत्या. नळ्या मोडायच्या त्या दिवसांपासून ही खूण काचवाल्याला माहीत होती.

बातमी साहेबांच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. साहेब वाईट नव्हते, पण त्यांना पाटी फार प्रिय. आल्या आल्या त्यांनी दार लावलं. "बाई, नवी पोर आहे. हात बसायचा आहे अजून. आपण म्हणू, तिच्या पद्धतीत काहीतरी राहिलं."

"काय राहिलं?"

"ते बघू नंतर."

"साहेब, नंतर बघायचं ते आधी कसं म्हणायचं?"

"अहो, पुढच्या महिन्यात सभा आहे. बाहेरची मंडळी येणार. तुमच्याच कामावर भाषण ठेवलंय. आता कुठं हे उकरून काढता?"

"कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडतंच, साहेब." बाई उठल्या. "मामांना बोलावते. त्यांनी केलं तसंच्या तसं त्यांच्याच हातून परत करवते. मी शेजारी बसून बघते. तिनंही बसावं."

मामा आले ते थोडे फुगूनच आले. डोक्यावर टोपी, हातात काठी, आणि नव्या डॉक्टरणीकडे तिरकी नजर. "म्हणजे माझ्या भाच्यांनी खोटी साक्ष दिली म्हणता?"

"तसं नाही, मामा," डॉक्टरीण म्हणाली.

"तसं नाही तर कसं? उंटावरून शेळ्या हाकायचं शास्त्र नाही हे, पोरी. उंदराला हातात धरावं लागतं."

"धरते की मी."

"धर बघू." तिनं पिंजऱ्यातला एक उंदीर उचलला. मामांनी बारकाईनं पाहिलं. "हां," ते म्हणाले. "धरतेस." आणि त्यांचा फुगा अर्धा तिथंच उतरला.

मग त्यांनी काम सुरू केलं. काचवाल्यालाही बोलावणं होतं, कारण मामांना त्यांच्या जुन्या बाटल्या हव्या होत्या. बोटाएवढ्या, पारदर्शक, बुचाच्या. खास त्यानंच फुंकलेल्या. मामांनी सुया तोलल्या, मीठपाण्यात विरघळवल्या, बाटली हलवली, उजेडात धरून पाहिली. सगळं लिहिल्याप्रमाणे. मग बाटली घेऊन ते पूर्वेच्या खिडकीपाशी गेले, उन्हाच्या पट्ट्यात कट्ट्यावर ठेवली, आणि सवयीनं स्टूल ओढून बसले. "आता चहा," ते म्हणाले.

बाई बघत होत्या. "मामा, ही तिथं कशाला?"

"कशाला म्हणजे? कोमट व्हायला. गार पाणी टोचलं की भाचा दचकतो. मग ते कापरं औषधाचं का गारठ्याचं, कसं कळणार? मी त्यांना कधी गार टोचलं नाही."

"रोज उन्हातच?"

"ऊन असेल तेव्हा उन्हात."

"किती वेळ?"

"चहा होईपर्यंत. कधी दोन चहा. पोरं गप्पा मारायला आली, तर जेवणापर्यंत."

"हे लिहिलं का नाहीत?" डॉक्टरीण न राहवून बोलली. "मी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवत होते, आत, दिव्याखाली."

मामा खरोखरच चकित झाले. "लिहिलंय की, कोमट करून. आता कशावर कोमट केलं हे कोण लिहितं? तू चष्मा पुसतेस ते लिहितेस का?"

चहा होईपर्यंत थांबून बाईंनी बाटलीतला एक थेंब बारीक नळीनं उचलला. दुसरा थेंब तसंच बनवून अंधाऱ्या कपाटात ठेवलेल्या द्रावणाचा घेतला. पांढरा लेप दिलेल्या पट्टीवर दोन्ही थेंब शेजारी शेजारी टेकवले, पट्टीचं खालचं टोक द्रवात बुडवून ठेवलं. द्रव पट्टीवरून हळूहळू चढतो आणि वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर सोडत जातो. पुरात वाहून आलेली लाकडं जशी हलकी पुढं, जड मागं राहतात. पट्टी वाळली. बाईंनी पडदा ओढला आणि अतिनील किरणांचा जांभळा दिवा लावला.

कपाटातल्या थेंबाचा एकच डाग होता, काळसर, मुका. उन्हातल्या थेंबाचा तोच काळसर डाग होताच. पण त्याच्या वर दुसरा, मुगाच्या दाण्याएवढा. तो चमकत होता. निळा. पहाटेच्या आधीचं आभाळ असतं तसा निळा.

काचवाल्यानं आयुष्यभर ज्योत बघितली होती, पण असा निळा बघितला नव्हता. तो म्हणाला, "काय सुंदर आहे."

"चपटं आहे," बाई म्हणाल्या.

त्यांनी ते तिथल्या तिथं सांगितलं, पडद्याआडच्या अंधारात, दिव्याकडे बघत. ऊन आणि हवा लागली की तिसरी कडी आपले जास्तीचे हायड्रोजन सोडते. वाकलेली कडी सपाट होते. तिन्ही कड्या सपाट झाल्या की पदार्थ असा निळा पेटतो. हेच ते चपटं भावंड, विरघळत नाही म्हणून बाजूला सारलेलं. थोडंच होतं, म्हणून पाण्यात राहिलं.

"म्हणजे थरथर यानं थांबवली?" डॉक्टरीण म्हणाली.

"ते अजून दिसलेलं नाही. बघायचं."

मामा मात्र भलतीकडेच गेले होते. काठीवर दोन्ही हात ठेवून ते म्हणाले, "ढगाळ दिवशी भाचे रुसायचे. मी म्हणायचो, आज यांचं मन नाही. आणि कडक उन्हाळ्यात काही काही जास्तच कापायचे. मी म्हटलं, तापट जात आहे. ते बाजूला काढायचो मी, बाई. आजारी म्हणून."

डॉक्टरणीनं मान वर केली. "जास्त झालं की तेच कापरं भरवतं. या घराण्यातली बरीच तशी आहेत."

"आणि मी भाच्यांना नावं ठेवत होतो," मामा म्हणाले.

मग दोन बाटल्या केल्या. एक उन्हात, एक काळ्या कागदात गुंडाळून त्याच उन्हात. कुठली कुठली हे फक्त बाईंना माहीत. डॉक्टरणीला नुसते आकडे. उंदीर तिनंच धरले, मामा स्टुलावर बसून पेनाकडे बघत राहिले. उन्हातल्या बाटलीची रेघ शांत. काळ्या कागदातल्या बाटलीची करवतीसारखी. परत केलं. परत तेच.

साहेब हे ऐकून इतके खूश झाले, की त्यांनी स्वतः सगळ्यांना चहा सांगितला. "म्हणजे काम खरंच आहे! प्रश्न साठवणुकीचा होता. सभेत एवढंच सांगायचं, की द्रावणाला योग्य प्रकाश मिळाला पाहिजे. झालं. सुंठीवाचून खोकला गेला."

"कुणाचा गेला?" बाई म्हणाल्या. "मी लिहिलंय, की वाकणारी कडी आहे म्हणून थरथर थांबते. ती कडी वाकत होती तोवर काहीच झालं नाही. सपाट झाली तेव्हा झालं. माझं म्हणणं नेमकं उलटं निघालं, साहेब."

"अहो, पण एवढं कोण बघतं?"

"ही बघत होती." त्यांनी डॉक्टरणीकडे बोट दाखवलं. ती चहात बिस्किट बुडवत होती, ते तुटून आत पडलं.

साहेबांचा सूर मऊ झाला. "बाई, तुमची शेवटची दोन वर्षं राहिलीत. लेख मागं घेतला की पाटीवरची ओळ जाईल. लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं. मागं घेतला, एवढंच. का घेतला हे कोणी विचारत नाही."

ही गोष्ट खोटी नव्हती. काचवाल्याला ती घरापर्यंत टोचत राहिली. बायकोचं आयुष्य एका ओळीएवढं होतं असं नाही, पण जगाला दाखवायला तेवढी एक ओळ होती. ती पुसणार की ठेवणार हे आता तिच्याच हातात होतं. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. तिला कुठून कळलं कोण जाणे.

"दादा, वहिनीला सांग, गप्प राहा म्हणावं. मी सगळ्या गल्लीला सांगून बसलेय. आता काय तोंड दाखवू?"

"तुझंच दाखव. दुसरं कुठून आणणार?"

"चेष्टा नको. हातचं सोडून पळत्याच्या मागं कोण लागतं?"

बाईंनी फोन घेतला. "वन्सं, तुम्ही खोटं सांगितलं नाहीत. मी चूक सांगितलं, तुम्ही विश्वास ठेवलात. उद्या कुणी विचारलं तर सांगा, वहिनीनं दुरुस्त केलंय."

मग नणंद म्हणाली, "दुरुस्त म्हणजे मोडकंच होतं असं नाही ना?"

"थोडं होतं."

फोन ठेवून त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. काचवाल्यानं विचारलं, "तुला वाईट वाटत नाही?"

"वाटतंय," त्या म्हणाल्या. हे उत्तर त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा ऐकलं. त्याच पुढं बोलल्या. "चपटं विरघळेना, तेव्हा मी कमी माप करून बघायला हवं होतं. नाही केलं. मला वाकणारीच कडी आवडली होती. तुम्ही काचेची करून दिलीत, ती टेबलावर इतकी छान दिसायची. मी जगाला वाटलेलं लिहिलं, आणि पोरांना मात्र दिसलेलं सांगा म्हणत राहिले."

"मग प्रतिकृती माझ्या गळ्यात का मारतेस?"

त्या हसल्या. खूप दिवसांनी. "शेपटीचा कोन तर तुमचा चुकलाच होता."

सभेच्या दिवशी मोठं दालन भरलं होतं. बाहेरची मंडळी पुढच्या रांगांत, विद्यार्थी भिंतीला टेकून. मामा टोपी मांडीवर ठेवून पहिल्याच रांगेत बसले होते. काचवाला मागच्या दारापाशी उभा राहिला. कामाचा डगला तसाच अंगावर, कारण खाली ज्योत मंद ठेवून आला होता.

बाई उभ्या राहिल्या आणि लगेच सांगायला लागल्या. प्रस्तावना नाही, खाकरणं नाही. त्यांनी आधी जुन्या लेखातलं आपलं वाक्य वाचलं, आणि म्हणाल्या, "हे चूक आहे. चूक माझी आहे. आज मी हा लेख मागं घेत आहे." दालनात खुर्च्या करकरल्या. साहेब आपल्या बोटांकडे बघत होते. मग बाईंनी खिडकी सांगितली, ऊन सांगितलं, पट्टीवरचा निळा डाग सांगितला. मामांच्या उबेची गोष्ट त्यांनी अशी सांगितली, की कुणाला हसू आलं नाही. "उंदराला गार लागू नये म्हणून एका माणसानं बाटली उन्हात ठेवली," त्या म्हणाल्या. "ती ठेवली नसती तर आम्हाला काहीच सापडलं नसतं. आम्ही ते लिहिलं असतं तर वीस वर्षं वाचली असती." आणि डॉक्टरणीकडे बघून म्हणाल्या, "जे मिळालं नाही, ते मिळालं नाही असं सांगायला ही माझ्याकडे आली. नव्या जागेवर आलेल्या माणसाला ते सोपं नसतं. यापुढचा लेख तिच्या नावानं सुरू होईल. मामांचं नाव असेल, माझं शेवटी."

भिंतीला टेकलेली मुलं सरळ उभी राहिली होती. कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्यानं हात वर केला. केस पांढरे, चेहरा कडक. "बाई, मग त्या चपट्या पदार्थाचं नेमकं माप किती? कुठवर शमवतो आणि कुठून कापरं भरवतो?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"अंदाज मी एकदा दिला होता. आता मोजून देईन." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली. "सकाळपासून वर काचेचं नळकांडं चालू आहे, पट्टीचंच काम मोठ्या मापात. उन्हात ठेवलेल्या पदार्थातून चपटं वेगळं काढतेय. निळा पट्टा आता तळाशी आला असेल. वरून द्रव घातला नाही तर नळकांडं कोरडं पडेल आणि पट्टा फाटेल. तेव्हा मला जायला हवं. बाकीचे प्रश्न डॉक्टरांना विचारा. त्या माझ्याहून नीट सांगतील."

आणि त्या व्यासपीठावरून उतरल्या.

पाहुण्यांतला तो पांढऱ्या केसांचा माणूस उभा राहिला, मग त्याच्या शेजारचा. कुणीतरी टाळी वाजवली. पण बाई तोवर मधल्या वाटेनं अर्ध्यावर आल्या होत्या. पदर खोचलेला, चष्मा कपाळावर चढवलेला, पाऊल ना घाईचं ना रेंगाळणारं. काचवाल्यानं दार उघडून धरलं. जाताना त्या हळूच म्हणाल्या, "तुमची ज्योत तशीच ठेवून आलात ना? जा खाली."

"जातो."

तो गेला नाही. दारातच उभा राहिला. मामा टोपी घालत त्याच्याजवळ आले, आणि उत्तर द्यायला उठलेली डॉक्टरीणही बोलायच्या आधी क्षणभर मान वळवून थांबली. लांब व्हरांड्यात एका बाजूला खिडक्यांची रांग होती. बाई एका उजेडातून दुसऱ्या उजेडात जात राहिल्या. मानाच्या पाटीसमोरून गेल्या, तिच्याकडे बघितलंही नाही. जिन्यापाशी त्यांनी कठड्याला हात लावला आणि वर चढायला लागल्या. आधी डोकं दिसेनासं झालं, मग पाठ, मग चपलांची टाच.

"गेल्या," मामा म्हणाले.

पाऊल वरच्या मजल्यावर टेकल्याचा आवाज येईपर्यंत काचवाला रिकाम्या जिन्याकडे बघत उभा होता.